जुन्या खिडक्या बदलताना: चौकटीच्या आधी भिंतीचा विचार

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घराच्या जुन्या लाकडी खिडक्या वाकल्या आहेत, काही खालून कुजल्या आहेत आणि त्या सगळ्या एकदम बदलायच्या आहेत. पश्चिमेकडच्या बैठकीच्या खोलीत दुपारनंतर बसवत नाही, रस्त्याकडच्या शयनगृहात रात्रभर वाहनांचा आवाज येतो आणि वाऱ्यासोबत पाऊस आला की दोन खिडक्यांखालची भिंत ओली होते. तीन ठिकाणी चौकशी केली, तेव्हा एकाने यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट, घ्या असे सांगितले, दुसऱ्याने अ‍ॅल्युमिनियम सुचवले आणि तिसऱ्याने चौकट कोणतीही चालेल, काच मात्र सगळीकडे दुहेरी घ्या, असा आग्रह धरला. यातले कोणाचे ऐकावे, हे आपण विचारले आहे.

तिघांपैकी कोणी खोटे सांगितले आहे असे मला वाटत नाही. प्रत्येकाने आपल्याकडे जे आहे त्याच्या अंगाने उत्तर दिले आहे. अडचण अशी की आपल्या तक्रारी तीन आहेत आणि तिन्हींची कारणे वेगवेगळी आहेत. पश्चिमेची उष्णता मुख्यतः काचेतून उन्हाच्या रूपाने आत येते, आवाज आधी फटींतून आणि मग काचेतून येतो, तर पाणी बहुतेक वेळा चौकट आणि भिंत यांच्या सांध्यातून किंवा सरकत्या खिडकीच्या ट्रॅकवरून आत शिरते. या तिन्हींवर उपाय ठरेल असे कोणतेही एक साहित्य नाही. म्हणून ‘कोणती खिडकी चांगली’ हा प्रश्न मी बाजूला ठेवतो आणि ‘या भिंतीतल्या या खिडकीने नेमके कोणते काम करायचे आहे’ असा प्रश्न प्रत्येक खिडकीबाबत वेगळा विचारतो. कामाला सुरुवात करताना मी एक साधा तक्ता करतो. त्यात प्रत्येक खिडकीचा क्रमांक, तिची दिशा, खोलीचा उपयोग, तिथली तक्रार, बाहेर काय आहे आणि ती दिवसातून किती वेळ उघडी राहते, एवढ्याच नोंदी असतात. तो तक्ता भरून झाला की एकाच घरात दोन किंवा तीन प्रकारच्या खिडक्या लागणार, हे बहुधा आपोआप दिसून येते. बाहेरून घर एकसारखे दिसावे असे वाटत असेल, तर चौकटीचा रंग आणि दर्शनी रुंदी सारखी ठेवता येते. काच, उघडण्याची पद्धत आणि रबर वेगळे असल्याचे रस्त्यावरून कोणाला कळत नाही.

काही गोष्टी मात्र आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या आपण प्रश्नात लिहिलेल्या नाहीत. आपले हवामान उष्ण आहे की थंड, घरात यंत्राने गारवा किंवा ऊब निर्माण करता का, खिडक्या कितव्या मजल्यावर आहेत, समोर मोकळे मैदान आहे की इमारतींचा आडोसा, आणि इमारतीच्या बाहेरच्या बाजूला छज्जा किंवा झडप बसवण्याची मुभा आहे का, यांनुसार पुढचे काही निर्णय बदलतील. जिथे ते बदलतात तिथे मी तसे सांगतो.

सुरुवात पश्चिमेच्या खोलीपासून करू, कारण याच ठिकाणी सर्वाधिक पैसे चुकीच्या गोष्टीवर खर्च होताना मी पाहतो. काचेला दोन स्वतंत्र गुण असतात. पहिला यू-मूल्य, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या तापमानात १ अंशाचा फरक असताना १ चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता वाहते, ते. दुसरा सौर उष्णता गुणांक, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हाच्या ऊर्जेपैकी किती हिस्सा आत येतो, तो. साध्या एकेरी काचेचे यू-मूल्य सुमारे ५.७ असते आणि साध्या दुहेरी काचेचे सुमारे २.८. सौर उष्णता गुणांक मात्र साध्या एकेरी काचेत ०.८५ च्या आसपास आणि साध्या दुहेरी काचेत ०.७५ च्या आसपास असतो. याचा अर्थ असा, की दुसरी काच आल्याने तापमानाच्या फरकामुळे वाहणारी उष्णता निम्मी होते, पण ऊन जवळपास तसेच आत येत राहते.

हिशेब करून पाहिला की मुद्दा स्पष्ट होतो. आपली पश्चिमेची खिडकी २ चौरस मीटरची आहे असे धरू. निरभ्र दिवशी, सूर्य कलल्यानंतर, उभ्या पश्चिम भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊर्जा सहज पडते. साध्या एकेरी काचेतून त्यातली सुमारे १,००० वॅट आत येते. भर उन्हाळ्यात खोलीत हीटर लावून बसावे तशीच ही अवस्था आहे. त्याच वेळी आत-बाहेर १० अंशांचा फरक असेल, तर त्या फरकामुळे येणारी उष्णता एकेरी काचेत ११४ वॅट आणि दुहेरीत ५६ वॅट. थोडक्यात, दुसऱ्या काचेने या वाटेने वाचवले ५८ वॅट आणि उन्हातले फार तर शंभरेक. याउलट सौर उष्णता गुणांक ०.३ असलेली लेप दिलेली काच बसवली, तर उन्हाचे १,००० वॅट ३६० वर येतात. तेव्हा ‘दुहेरी काच घ्या’ हा सल्ला आपल्या या खिडकीसाठी अपुरा आहे. दुहेरी असो वा एकेरी, गुणांक किती, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

लेपाबाबत एक खबरदारी घ्यावी लागते. लो-ई या नावाने मिळणाऱ्या लेपाच्या काचा दोन हेतूंनी बनवलेल्या असतात. एक प्रकार थंड प्रदेशांसाठी असतो. तो ऊन आत येऊ देतो आणि खोलीतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. दुसरा प्रकार ऊन बाहेर थोपवण्यासाठी असतो. दोन्ही नमुने हातात घेऊन पाहिले तर फरक कळत नाही आणि विक्रेतेही कधी कधी दोन्हींना एकच नाव देतात. म्हणून लेखी पत्रकात सौर उष्णता गुणांक आणि आत येणाऱ्या दृश्य प्रकाशाची टक्केवारी हे दोन्ही आकडे मागून घ्यावेत. गुणांक कमी आणि प्रकाश त्या मानाने जास्त, असा मेळ असलेली काच चांगली. नुसती गडद रंगाची काच मला पश्चिमेला आवडत नाही. ती उजेड कमी करते, ऊन स्वतःत शोषून तापते आणि त्या उष्णतेचा काही भाग खोलीतच सोडते. शिवाय तिच्या अर्ध्या भागावर सावली आणि अर्ध्या भागावर ऊन असे झाले, तर तापमानातल्या फरकामुळे साधी, टफन्ड (तापवून झटकन थंड करून मजबूत) न केलेली काच कडेपासून तडकू शकते.

खरे तर पश्चिमेसाठी काचेपेक्षाही अधिक उपयोगी पडतो तो बाहेरचा आडोसा. ऊन काचेतून आत आले, की नंतर पडदा ओढून फारसे साधत नाही, कारण उष्णता तोवर खोलीत आलेली असते आणि तापलेला पडदा तीच खोलीला देतो. बाहेरच्या बाजूची झडप, गुंडाळता येणारी चटई किंवा उभ्या पट्ट्या ऊन काचेपर्यंत पोहोचूच देत नाहीत. आडव्या छज्ज्याचा मात्र पश्चिमेला फारसा भरवसा धरू नये. विषुववृत्ताकडे तोंड असलेल्या भिंतीवर तो उत्तम काम करतो, कारण तिथे उन्हाळ्यातला मध्यान्हीचा सूर्य उंच असतो आणि हिवाळ्यातला खाली. उदाहरणार्थ, ४० अंश अक्षांशावर हा सूर्य उन्हाळ्यात सुमारे ७३ अंशांवर, तर हिवाळ्यात सुमारे २६ अंशांवर असतो, त्यामुळे योग्य मापाचा छज्जा उन्हाळ्यात ऊन अडवतो आणि हिवाळ्यात आत येऊ देतो. पूर्व-पश्चिमेला सूर्य खालून तिरपा येतो आणि छज्ज्याखालून सरळ आत घुसतो. बाहेर काही बसवण्याची परवानगी नसेल, तर खिडकीचे क्षेत्रफळ कमी करण्याचाही विचार करावा. उजेड खोलीत आतपर्यंत पोहोचतो तो खिडकीच्या वरच्या भागामुळे. वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दीड ते दोन पट अंतरापर्यंत चांगला उजेड मिळतो. टेबलाच्या उंचीखालची काच उष्णता मात्र पुरेपूर आणते आणि उजेडात तिची भर थोडीच असते.

आपण थंड प्रदेशात राहत असाल, तर वरचा हिशेब बराच बदलतो. तिथे आत-बाहेर २० ते २५ अंशांचा फरक रात्रंदिवस टिकतो, ऊन हवेहवेसे असते आणि यू-मूल्यालाच पहिला मान द्यावा लागतो. बाहेर शून्य अंश आणि आत २० अंश असताना एकेरी काचेच्या आतल्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५ अंश, साध्या दुहेरी काचेचे सुमारे १२ ते १३ अंश, आणि लेप व दोन काचांमध्ये आरगॉन वायू असलेल्या, १.१ यू-मूल्याच्या दुहेरी काचेचे सुमारे १७ अंश राहते. खोलीतली आर्द्रता ५० टक्के असेल, तर २० अंशांच्या हवेतली वाफ ९ अंशांच्या आसपासच पाण्यात बदलू लागते. त्यामुळे एकेरी काच रोज सकाळी ओघळते, दुहेरीच्या फार तर कडा ओल्या होतात आणि लेपाची काच कोरडी राहते. थंडीत खिडकीपाशी बसले की अंगावर जो गारठा येतो, त्यालाही फट नव्हे तर हा थंड पृष्ठभाग अनेकदा कारण असतो.

दुहेरी काचेबाबत आणखी थोडेसे. दोन काचांमधले अंतर १२ ते १६ मिमी असावे. ६ मिमीच्या पोकळीत फायदा बराच कमी होतो आणि १६ मिमीच्या पुढे अंतर वाढवून काही हाती लागत नाही, कारण आतली हवा फिरू लागते. ही काच कारखान्यात कडेने बंद केलेली असते आणि कडेच्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे असतात. कडेचे सील निकामी झाले की दोन काचांच्या मध्ये धुके साचते, ते पुसता येत नाही आणि पूर्ण काच बदलावी लागते. म्हणून हमी किती वर्षांची हे विचारताना ती सीलची आहे का, हे वेगळे विचारावे. आपले घर समुद्रसपाटीपासून बरेच उंच असेल आणि काच सखल भागातल्या कारखान्यातून येणार असेल, तर हे बनवणाऱ्याला आधी सांगावे, कारण आत कोंडलेली हवा उंचीवर फुगते आणि काचांवर ताण येतो.

आता शयनगृहातल्या आवाजाकडे येतो. इथेही लोक थेट काचेपासून सुरुवात करतात, पण मी आधी फटी पाहतो. एखाद्या खिडकीच्या क्षेत्रफळाच्या केवळ १ टक्का जागा उघडी राहिली, तर बाकीची काच कितीही जाड असली तरी त्या खिडकीची आवाज अडवण्याची क्षमता २० डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही. सरकत्या खिडकीत झडपा, म्हणजे काचेचे पल्ले, एकमेकींच्या बाजूने घसरायला हव्यात, म्हणून तिच्या कडेला वूलपाइल म्हणतात ती लोकरी पट्टी असते, आणि ती हवा पूर्ण अडवत नाही. बिजागरीवर उघडणारी झडप बंद करताना रबरावर दाबली जाते आणि तिला दोन-तीन ठिकाणी पकडणारी कडी असली, तर फट जवळपास राहत नाही. त्यामुळे रस्त्याकडच्या शयनगृहाला मी सरकती खिडकी सहसा सुचवत नाही.

फटी मिटल्यावर काचेचा विचार करावा. ४ मिमीच्या दोन सारख्या काचांची दुहेरी खिडकी आवाजाच्या बाबतीत ६ मिमीच्या एका काचेपेक्षा फारशी सरस नसते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. दोन्ही काचा सारख्याच जाडीच्या असल्या की त्या एकाच स्वरावर कमजोर पडतात, आणि मधल्या हवेचा थर त्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगप्रमाणे वागून वाहनांची खालच्या पट्टीतली घरघर आत पोहोचवतो. म्हणून दोन काचांची जाडी वेगळी ठेवावी, उदाहरणार्थ बाहेर ८ किंवा १० मिमी आणि आत ६ मिमी, आणि त्यांतली एक तरी लॅमिनेटेड असावी, कारण तिच्या मधला प्लास्टिकचा थर कंपने शोषतो. आपली जुनी लाकडी खिडकी त्या खोलीत अजून धड असेल, तर आणखी एक मार्ग आहे: तिला दुरुस्त करून तिच्या आतल्या बाजूला, १०० मिमी किंवा जास्त अंतर सोडून, दुसरी स्वतंत्र खिडकी बसवणे. एवढी मोठी पोकळी कोणत्याही कारखान्यातल्या दुहेरी काचेत मिळत नाही आणि रस्त्याच्या आवाजावर हा उपाय माझ्या अनुभवात सर्वांत समाधानकारक ठरला आहे. मात्र एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. आपण रात्री खिडकी उघडी ठेवून झोपत असाल, तर या सगळ्याचा काहीही उपयोग नाही. बंद खिडकीसोबत खोलीला शांत बाजूने हवा कशी मिळेल, याची सोय आधी लावावी आणि मगच या काचेवर पैसे घालावेत.

तिसरी तक्रार पाण्याची. नवी खिडकी मागवण्याआधी पाणी नेमके कुठून येते हे शोधून काढा, कारण दोष भिंतीत असेल तर नवी खिडकीही तशीच गळेल. कोरड्या दिवशी एकाने बाहेरून पाइपने पाणी सोडावे आणि दुसऱ्याने आत पाहत राहावे. सुरुवात खालच्या कडेपासून करून, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे थांबत, हळूहळू वर जावे. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि काहीच कळत नाही. खालच्या सिलवर, म्हणजे खिडकीखालच्या कट्ट्यावर, पाणी सोडताच भिंत ओली झाली, तर सिलचा उतार आतल्या बाजूला आहे किंवा तिथला सांधा उघडा आहे. बाजूंवर पाणी सोडल्यावर ओल आली, तर चौकट आणि गिलावा यांच्यामधली फट दोषी आहे. छज्ज्याच्या किंवा लिंटेलच्या (खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) वर पाणी सोडल्यावर आली, तर खिडकीचा काहीच दोष नाही आणि काम गवंड्याचे आहे.

सरकत्या खिडकीत मात्र एक वेगळीच गंमत असते. तिच्या ट्रॅकमध्ये पावसाचे पाणी साचणे स्वाभाविक आहे आणि ते बाहेर जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात. पण जोराचा वारा बाहेरून दाब देतो आणि हे पाणी आत ढकलतो. त्याला अडवते ती फक्त ट्रॅकची आतली कड. १० मिमी उंचीचा पाण्याचा थर सुमारे १०० पास्कल दाब तोलून धरतो. त्या हिशेबाने २० मिमीची कड सुमारे २०० पास्कलपर्यंत, म्हणजे ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यापर्यंत टिकते. त्यापुढे पाणी कड ओलांडून घरात येते, मग सीलंट कितीही भरा. आपल्या ओल्या होणाऱ्या खिडक्या वाऱ्याच्या तोंडावर असतील आणि तिथे सरकत्याच हव्या असतील, तर आतली कड किती उंच आहे हे पट्टीने मोजून घ्यावे. मला विचाराल तर अशा भिंतीत बाहेर उघडणारी, रबरावर दाबली जाणारी झडप बसवावी. वारा जितका जोरात येईल तितकी ती चौकटीवर घट्ट बसते. तिला वाऱ्यात आपटू न देणारी, कोणत्याही कोनात स्थिर राहणारी बिजागरी मात्र हवी, आणि वरच्या मजल्यावर ती आतून पुसता येते ना, हेही पाहावे.

उघडण्याच्या पद्धतीविषयी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे, की दोन झडपांची सरकती खिडकी फक्त अर्धी उघडते आणि बिजागरीची जवळपास पूर्ण. वारा खेळता राहण्यासाठी खोलीच्या दुसऱ्या बाजूलाही वाट लागते. एकाच भिंतीत मोठी खिडकी घेण्यापेक्षा समोरासमोर दोन मध्यम खिडक्या अधिक हवा देतात.

इतके सगळे ठरल्यावर मी चौकटीच्या साहित्याकडे येतो, आणि तोवर निवड बरीचशी झालेली असते. अ‍ॅल्युमिनियम उष्णता यूपीव्हीसीच्या सुमारे हजारपट वाहून नेते. थंड प्रदेशात किंवा सतत यंत्राने गारवा राखलेल्या खोलीत त्याच्या चौकटीवर दव जमते, आणि तिथे आतला व बाहेरचा भाग पॉलिअमाइड या प्लास्टिकच्या पट्टीने वेगळा केलेली चौकटच घ्यावी. जिथे खिडक्या दिवसभर उघड्या असतात तिथे हा मुद्दा जवळजवळ गौण आहे. अ‍ॅल्युमिनियमची खरी ताकद बारीक चौकटीत मोठी काच पेलण्यात आहे. यूपीव्हीसी उष्णता अडवते आणि त्याचे कोपरे वितळवून जोडलेले असल्याने तिथून पाणी शिरत नाही. पण ते तापमानाबरोबर बरेच प्रसरण पावते. ३० अंशांच्या फरकात २ मीटर लांबीचे यूपीव्हीसी सुमारे ४ मिमी वाढते, अ‍ॅल्युमिनियम दीड मिमीच्या आत, तर काच जेमतेम अर्धा मिमी. म्हणून मोठ्या झडपांत आतून पोलादी पट्टी असणे आवश्यक आहे, आणि उन्हाच्या बाजूला गडद रंगाचे यूपीव्हीसी मी टाळतो. समुद्राजवळ राहत असाल, तर चौकटीआधी स्क्रू आणि बिजागऱ्या गंजतात, तेव्हा त्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या मागाव्यात. लाकडाला इतक्या लवकर निरोप देऊ नये, असेही मला सुचवावेसे वाटते. चौकट फक्त खालच्या आडव्या पट्टीपाशी कुजली असेल, तर चांगला सुतार तेवढाच भाग कापून नवा तुकडा सांधू शकतो. हे इतर दोन साहित्यांत शक्य नाही. एकूणात, मध्यम प्रतीच्या यूपीव्हीसी आणि मध्यम प्रतीच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये जेवढा फरक असतो, त्यापेक्षा काळजीने आणि निष्काळजीपणे जोडलेल्या एकाच साहित्याच्या दोन खिडक्यांत अधिक असतो. म्हणून फॅब्रिकेटरने, म्हणजे खिडक्या जोडून देणाऱ्याने, काही वर्षांपूर्वी बसवलेली एखादी खिडकी प्रत्यक्ष उघडून, बंद करून पाहावी.

हार्डवेअरवर, म्हणजे बिजागऱ्या, चाके आणि कड्यांवर, काटकसर करू नये. काचेचे वजन दर चौरस मीटरला, प्रत्येक मिमी जाडीमागे अडीच किलो असते. ६ आणि ६ मिमीची दुहेरी काच म्हणजे चौकट सोडून चौरस मीटरला ३० किलो. एकेरी काचेसाठी निवडलेल्या बिजागऱ्या किंवा चाके हे वजन फार काळ पेलत नाहीत. झडप लोंबली की रबर नीट दाबले जात नाही आणि आवाज, वारा व पाणी तिन्ही पुन्हा सुरू होतात.

सुरक्षिततेबाबत दोन काचांमधला फरक माहीत असावा. टफन्ड काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते आणि फुटली तर बोथट तुकड्यांत विखुरते, पण मग तिथे मोकळे भगदाड उरते. लॅमिनेटेड काच तडकली तरी मधल्या थराला चिकटून जागेवर राहते. खोलीच्या जमिनीजवळून सुरू होणाऱ्या किंवा उंच मजल्यावरच्या काचेसाठी म्हणून मी लॅमिनेटेड घेतो. घरात लहान मुले असतील, तर झडप १०० मिमीच्या पुढे उघडू न देणारा अडसर लावावा, जो मोठ्या माणसाला काढता येईल. गज बसवणार असाल, तर प्रत्येक शयनगृहातल्या एका खिडकीचे गज आतून उघडता आले पाहिजेत. आग लागली तर तीच बाहेर पडण्याची वाट असते.

निर्णयांचा क्रम एकदा सांगून ठेवतो, कारण वर बरेच विषय येऊन गेले: प्रथम दिशा आणि आडोसा, मग उघडण्याची पद्धत, मग काच, मग हार्डवेअर आणि शेवटी चौकट. पैसे कमी पडले तर सगळ्या खिडक्यांची प्रत उतरवण्यापेक्षा उत्तम खिडक्या पश्चिमेला, रस्त्याकडे आणि पावसाच्या तोंडावर घ्याव्यात आणि बाकीच्या साध्या ठेवाव्यात. पत्रक मागताना प्रत्येक खिडकीपुढे काचेची रचना मिमीमध्ये, सौर उष्णता गुणांक, संपूर्ण खिडकीचे यू-मूल्य, रबर की लोकरी पट्टी, हार्डवेअरची वजनक्षमता आणि बसवण्याची पद्धत लिहून घ्यावी. अनेकदा यू-मूल्य फक्त काचेच्या मध्यभागाचे दिले जाते आणि ते अधिक आकर्षक दिसते. चौकट आणि कडा धरून येणारे मूल्य वेगळे असते.

शेवटी बसवण्याचे काम, जे मी कधीही कोणावर सोपवून निघून जात नाही. जुन्या भिंतीतले भगदाड क्वचितच काटकोनात असते, म्हणून रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान माप धरावे आणि दोन्ही कर्णही मोजावेत. टफन्ड काच बनल्यानंतर कापता येत नाही, त्यामुळे हे माप पक्के असायलाच हवे. चौकटीभोवती ५ ते १० मिमी फट ठेवावी. चौकट भिंतीत ठोकून घट्ट बसवली, तर प्रसरणाला जागा राहत नाही. स्क्रू कोपऱ्यापासून सुमारे १५० मिमीवर आणि पुढे ६०० मिमीच्या आत असावेत. फटीत फोम भरला तरी तो जलरोधक नाही आणि उन्हात भुगा होतो, हे लक्षात ठेवावे. बाहेरून फटीत आधी फोमची गोल दोरी आणि तिच्यावर सिलिकॉन असा थर हवा, म्हणजे सिलिकॉन फक्त दोन बाजूंना चिकटते आणि ताणले तरी फाटत नाही. सिलचा उतार बाहेर असावा आणि त्याच्या खालच्या पृष्ठभागावर पाणी तोडणारी खाच असावी. ओले सिमेंट अ‍ॅल्युमिनियमला डाग पाडते, म्हणून गिलाव्याचे काम संपेपर्यंत संरक्षक पट्टी ठेवावी. पण महिनोन्‌महिने उन्हात ठेवली तर ती निघत नाही, तेव्हा काम होताच काढावी. पाणी जाण्याची छिद्रे गिलाव्याने किंवा सिलिकॉनने बुजलेली नाहीत, हे एकेक करून पाहावे. मग आतला रंग लावण्याआधी पुन्हा एकदा तीच पाण्याची चाचणी, खालून वर, प्रत्येक खिडकीवर घ्यावी, आणि ही चाचणी होईपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवण्याची अट सुरुवातीच्या करारातच घालावी.